पद्मिनीचा पावसाळी मुक्काम: मे महिन्यापासून दसऱ्यापर्यंत

रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटरवर, १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी २०२५ चा अख्खा पावसाळा बंद करून ठेवली आणि दसऱ्याला बाहेर काढली. थंड देशांत जुन्या गाड्या हिवाळ्यात अशा झाकून ठेवतात, त्यावर वाचायला भरपूर मिळतं. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही. पण चार महिने हवेत ८५-९० टक्के ओल, वर खारा वारा, जोडीला उंदीर, वाळवी आणि बुरशी. त्यामुळे तिकडचे निम्मे सल्ले इथे चालत नाहीत. मे महिना लागला की जुनी गाडी बाळगणाऱ्या कोकणातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. त्यांच्यासाठी हे क्रमवार लिहिते आहे.

सुरुवात कागदांपासून. बंद खोलीतल्या गाडीला कागद कशाला, असं वाटतं, पण मुदती पावसाळ्यासाठी थांबत नाहीत. आमच्या आरसीची मुदत जूनअखेर संपत होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधी जास्तीत जास्त ६० दिवस करता येतो. मुदत उलटली की चारचाकीला दरमहा ५०० रुपये जादा शुल्क लागतं, गाडी रस्त्यावर असो वा ठोकळ्यांवर. आणि तपासणीला गाडी स्वतः न्यावी लागते, म्हणजे हे काम पावसाआधीच उरकायला हवं. मेच्या पहिल्या आठवड्यात अर्ज भरला. नूतनीकरणाचं शुल्क तेव्हा ५,००० रुपये होतं, पर्यावरण कर वेगळा. ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी तेच शुल्क १०,००० झालं, त्यामुळे घाई केल्याचं समाधान वाटलं.

अर्जाबरोबर चासी नंबरची पेन्सिल छाप लागते. सत्तेचाळीस वर्षांच्या पत्र्यावर रंगाचे थर चढलेले असतात, नंबर दिसतच नाही. आदल्या दिवशी केरोसीनच्या बोळ्याने ती जागा पुसून घ्यावी, पितळी ब्रशने हलकेच घासावी, पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून फिरवावी. सॅंडपेपर अजिबात लावू नये. अंक बोथट झाले तर निरीक्षकाला शंका येते आणि तो वाद लवकर मिटत नाही. दुसरी अडचण जुन्या मालिकेच्या नंबरांची. संगणकपूर्व काळातली नोंद परिवहन खात्याच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत नसेल तर ऑनलाइन अर्ज पुढेच सरकत नाही. आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी मूळ आरसी पुस्तक दाखवावं लागतं. ज्यांची नोंद अजून चढलेली नाही त्यांनी हे काम दिवाळीनंतर, निवांत हंगामात करून टाकावं.

एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरपाटीही त्याच फेऱ्यात. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, ऑनलाइन वेळ घेऊन. पद्मिनीच्या क्रोमच्या बंपरवर नवी पाटी बसवताना रिव्हेट थेट बंपरात मारू देऊ नये. मधे पट्टी किंवा फ्रेम लावून घ्यावी, नाहीतर प्रत्येक भोकातून गंज सुरू होतो. पीयूसी मेमध्येच काढलं. जुन्या गाड्यांना ते सहा महिन्यांचं मिळतं, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत काळजी नाही. फेब्रुवारीत काढलेलं ऑगस्टमध्ये संपतं आणि दसऱ्याला गाडी काढताना खोळंबा होतो. विमा चालूच ठेवला. थर्ड पार्टीचा हप्ता १००० ते १५०० सीसी गटात ३,४१६ रुपये अधिक जीएसटी आहे, पण नुसत्या थर्ड पार्टीत पूर आला, माड कोसळला किंवा आग लागली तर हाती काही पडत नाही. गाडी उभी असते तेव्हा खरी जोखीम हीच असते. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनीशी बोलून ठरते, म्हणून फोटो आणि दुरुस्तीची बिलं जपून ठेवावीत.

कुणी विचारेल, व्हिंटेज नोंदणी का नाही? २०२१ च्या नियमांनुसार ती पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आमची गाडी त्या वयाची नाही, आणि झाली तरी बाजारहाटाला न्यायची आहेच.

आता जागा. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: खोली एकतर आरपार वाऱ्याची असावी, नाहीतर पूर्ण बंद करून यंत्राने कोरडी करावी. अर्धवट बंद खोली सगळ्यांत वाईट. लोखंड साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या वर झपाट्याने गंजू लागतं. पत्र्यावर मिठाचा अंश असेल तर त्याहून कमी ओलीतही. पुणे-साताऱ्याकडे उघडी पडवी चालून जाते. समुद्राजवळ मात्र वारा म्हणजे खारं पाणीच, त्यामुळे आम्ही बंद खोलीचा मार्ग घेतला.

खोली अठरा बाय दहा फुटांची, जांभ्याच्या चिऱ्यांची, मंगलोरी कौलांची. कौलांखाली फळ्यांचं सीलिंग मारलं, दाराच्या फटींना रबरी पट्टी लावली, पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून झापांची झडी बांधली. भिंत भिजली नाही तर आतली निम्मी ओल कमी होते. जुन्या लोकांची ही युक्ती कुठल्याही वॉटरप्रूफ रंगापेक्षा स्वस्त आणि खात्रीची आहे. जमिनीतून वर चढणारी ओल अडवायला जाड काळं प्लास्टिक अंथरलं, कडा भिंतीवर वीतभर वर घेतल्या, त्यावर प्लायवूड. त्या खोलीत एरवी विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणि युरियाची पोती असत. ती आधी बाहेर काढली. टीसीएलमधून सुटणारा क्लोरीन क्रोमला खातो, आणि अमोनियाने वायरिंगच्या तांब्या-पितळेची वाट लागते. गाय-म्हैस बांधलेल्या जुन्या गोठ्यात गाडी ठेवण्याचा विचार असेल तर याच कारणासाठी सोडून द्यावा.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, १८,५०० रुपयांना घेतला, दिवसाला वीस लिटर क्षमतेचा. विकत घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: पाणी नळीने थेट बाहेर सोडता येतं का, आणि वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू होतं का. टच बटणांची बरीच यंत्रं वीज आल्यावर गप्प बसून राहतात, आणि कोकणात पावसाळ्यात वीज जाणं काही नवं नाही. ओल मोजणारा हायग्रोमीटर साडेचारशेला मिळतो. तो भिंतीवर टांगू नये, गाडीच्या खाली ठेवावा. ओल तिथे जास्त असते.

बारा मेपासून गाडीवर काम सुरू झालं. पहिलं काम धुण्याचं, आणि तेही खालून. चाकांच्या कमानी, पायदानाच्या आतली बाजू, मागच्या पाटांच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकाच्या जागा, सगळीकडे लाल माती आणि मीठ साचलेलं असतं. पद्मिनी जिथे आधी गंजते त्या जागा ठरलेल्या आहेत: ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, दारांच्या तळाच्या कडा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, बॅटरीचा ट्रे, पुढच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे. दारांच्या तळाला पाणी जायची छोटी भोकं असतात. त्यांत सायकलची तार घालून फिरवली तेव्हा डावीकडच्या मागच्या दारातून चहाच्या रंगाचं पाणी आणि चिमूटभर गंजाची भुकटी आली. ही भोकं बुजली तर गाडी खोलीत ठेवूनही दार आतून सडतं. धुतल्यावर गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणली, म्हणजे कोपऱ्यांतलं पाणी निघतं आणि ब्रेक ड्रम कोरडे होतात. खालच्या पत्र्याला पितळी ब्रश, मग रस्ट कन्व्हर्टर, रेड ऑक्साइड आणि वर लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतल्या मेणाचा फवारा. आमचे मिस्त्री म्हणाले, "काकी, जळकं ऑइल आणि डिझेल मारून टाकूया, फुकटात काम होतं." वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं, पाटांचे आणि सस्पेन्शनचे रबरी बुश त्याने फुगतात, आणि ड्रममध्ये ओघळ गेला तर लायनर वाया जातात. लॅनोलिनला खर्च आला, पण पटवून तेच केलं. क्रोमला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

पेट्रोलवर मी सगळ्यांत जास्त वेळ दिला, कारण इथलं गणित आता बदललं आहे. पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. त्यातलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि ओल ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पद्मिनीची टाकी पत्र्याची, त्यामुळे गंज नेमका तळाला लागतो. सत्तरच्या दशकातलं रबर इथेनॉलने मऊ पडतं, मग तडकतं. म्हणून टाकी ते पंप आणि पंप ते कार्ब्युरेटर या सगळ्या रबरी नळ्या बदलून एसएई जे३० आर९ दर्जाच्या टाकल्या आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम किट बदलला. जुन्या नळीचा तुकडा दोन बोटांत दाबला तर आतून काळी शाई लागते. ती लागली की नळी संपली समजावी. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्यापासून या गाडीचे सुटे भाग मिळवायला फिरावं लागतं. मुंबईत ऑपेरा हाउस आणि पुण्यात नाना पेठ इथे अजून सोय होते. एका वेळी दोन डायफ्रॅम किट घेऊन ठेवावेत.

टाकी भरलेली ठेवावी की रिकामी? रिकामी टाकी आतून दमट हवेने गंजते. म्हणून आधी फ्युएल स्टॅबिलायझर ओतला, मग पंपावर टाकी गळ्याला दोन बोटं कमी भरली आणि घरापर्यंत गाडी चालवली. त्या अंतरात औषध मिसळलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. कार्ब्युरेटर मात्र भरलेला ठेवायचा नाही. पंपाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, मग झाकण उघडून फ्लोटच्या कुंडीतलं उरलेलं पेट्रोल कापडाने टिपून घेतलं. हे राहिलं तर चार महिन्यांत कुंडीत पांढरी भुकटी धरते आणि जेट बुजतात.

इंजिन ऑइल बंद करण्याआधी बदलायचं असतं, बाहेर काढल्यावर नाही. जुन्या ऑइलमधलं पाणी आणि आम्ल चार महिने बेअरिंगला लागून राहतं. गाडी गरम असतानाच ऑइल काढलं, २० डब्ल्यू ५० मिनरल भरलं, फिल्टर नवा. चार लिटरचा डबा आणि फिल्टर मिळून दोन हजारांच्या आत. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून नवं ऑइल सगळीकडे फिरवलं आणि त्याच वेळी वर सांगितल्याप्रमाणे कार्ब्युरेटर सुकवला. गार झाल्यावर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, साधारण पाच मिलिलिटर ऑइल घातलं, पंख्याचा पट्टा धरून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, प्लग परत लावले. एअर फिल्टरचं तोंड आणि सायलेन्सरची नळी ऑइलच्या चिंध्यांनी बंद केली. रेडिएटरमध्ये साधं पाणी असेल तर ते काढून टाकावं. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. या जोडीला नुसतं पाणी मारक असतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीस-चाळीस टक्के कूलंट घालून भरलं.

ब्रेक फ्लुइडही ओल शोषतं. डॉट ३ नवं भरून चारही चाकांना ब्लीडिंग केलं, नाहीतर व्हील सिलिंडरचे पिस्टन जागच्या जागी धरतात. हँडब्रेक सोडला. क्लचचं पॅडल लाकडी ठोकळा लावून दाबून ठेवलं. दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते, मग सोडवायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गाडी तीन टनी जॅक स्टँडवर घेतली. स्टँड मागे ॲक्सलखाली आणि पुढे खालच्या आर्मखाली, म्हणजे स्प्रिंगवरचा भार नेहमीसारखा राहतो. इथे कळकळीने सांगते: जांभ्याच्या चिऱ्यांवर गाडी उभी करू नका. दिसायला दगड भक्कम, पण एका बिंदूवर भार आला की चिरा फुटतो, आणि ओला चिरा तर लवकरच.

सीट आणि बॅटरी घरात आली. पद्मिनीच्या बाकासारख्या सीटमध्ये काथ्या असतो, तो ओल धरतो आणि रेक्झिनच्या आतून बुरशी येते. पुढची सीट रेल्ससकट चार बोल्टवर निघते. बॅटरी काढताना आधी अर्थची तार, मग दुसरी. ट्रेवर खाण्याचा सोडा टाकलेलं पाणी ओतून आम्ल मारलं, धुऊन पुसून रंग दिला. काचा बोटभर उघड्या ठेवून फटीला बारीक स्टीलची जाळी लावली. डांबराच्या गोळ्या टाकल्या नाहीत. उंदीर त्याला फारसे भीत नाहीत आणि वास गाडीतून वर्षभर जात नाही. त्यापेक्षा खोलीतली सगळी भोकं सिमेंट आणि काचेच्या चुऱ्याने बुजवावीत, पिंजरा दाराबाहेर लावावा. गाडीवर कव्हर घातलं नाही. प्लास्टिकच्या कव्हराखाली पाणी धरून रंगाला फोड येतात, सुती चादर ओल पिऊन बुरसटते. कोरड्या बंद खोलीत धूळ फारशी नसते. ज्यांना झाकायचंच आहे त्यांनी दोऱ्या बांधून कापड पत्र्याला न टेकेल असं वर ताणावं. शेवटी काय काय बंद केलं, काढलं, सोडलं त्याची यादी लाल शाईने लिहून स्टीअरिंगला बांधली.

हे सगळं मेअखेरपर्यंत निवांत करायचं ठरलं होतं. पण त्या वर्षी पावसाने कुणाला सवड दिली नाही. २४ मेला अरबी समुद्रातलं डिप्रेशन रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं आणि २६ मेला मॉन्सून मुंबईतही दाखल झाला. खोलीचं दार २२ तारखेला बंद झालं होतं. त्या तीन दिवसांच्या धुवाधार पावसात आत काटा ५८ वर पाहिला आणि जीव भांड्यात पडला. मृगाची वाट पाहू नये; पंधरा मे हीच शेवटची तारीख धरावी.

जून ते ऑगस्ट यंत्राने काम केलं. जुलैत रोज सहा ते आठ लिटर पाणी नळीतून बाहेर पडत होतं. यंत्राची उष्णताही मदत करते: २७ अंशांची ८५ टक्के ओल असलेली हवा ३२ अंशांवर गेली तर, पाणी न काढताही, आर्द्रता ६४ च्या आसपास येते. विजेचा खर्च महिन्याला हजार रुपयांच्या घरात. एकदा रात्रभर वीज नव्हती तेव्हा काटा ७० च्या पुढे गेला; दुपारपर्यंत परत खाली आला. कॅल्शियम क्लोराइडच्या पुड्या कपाटात ठीक, गाडीत नको. त्या ओल पिऊन पाझरतात, आणि ते पाणी पत्र्यावर सांडलं तर मिठाइतकंच वाईट.

दर महिन्याची कामं थोडी आहेत. बॅटरीचा व्होल्टेज पाहायचा, १२.४ च्या खाली गेला तर चार्ज करायचा. चाकं हाताने फिरवायची. प्लायवूडच्या कडेला वाळवीच्या मातीच्या रेघा दिसतात का, बॉनेटखाली लेंड्या पडल्या आहेत का, हे टॉर्च लावून बघायचं. आणि गाडी चालू करायची नाही. गणपतीत घरी आलेले सगळे सांगतात, "पाच मिनिटं चालू करून ठेव, बरं असतं." एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन पूर्ण तापेपर्यंत चाललं नाही तर ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं. पाच मिनिटांचा हा उपचार महिनाभर केला तर सायलेन्सर आतून सडतो.

घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, बाहेर काढायची तयारी सुरू झाली. पाऊस नवरात्रातही उघडला नव्हता, पण दसऱ्याच्या आधी घाई नको म्हणून आठवडाभर हातात ठेवला. क्रम उलटा: आधी स्टीअरिंगवरची यादी वाचायची. चिंध्या काढल्या, क्लचचा ठोकळा काढला, बॅटरी बसवली. प्लग काढूनच स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवला, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. त्याआधी इंजिनला ठिणगी देऊ नये. मग प्लग, पेट्रोलची नळी, आणि कुंडी भरायला थोडा वेळ. सुरुवातीला निळा धूर आला. तो सिलिंडरमध्ये घातलेल्या ऑइलचा, काही मिनिटांत गेला. ब्रेक अंगणातच तपासले. पॅडल मऊ लागलं किंवा खाली बसत गेलं तर रस्त्यावर जाऊ नये. पहिले पाच किलोमीटर सावकाश चालवून थांबून चारही ड्रमना हात लावला: एखादाच जास्त तापला असेल तर तिथला सिलिंडर धरलेला असतो. आमचे चारही सारखे कोमट होते. ते पाहून जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

दोन ऑक्टोबरला दसऱ्याची पूजा झाली. झेंडूचे हार संध्याकाळीच काढले आणि कुंकू लगेच ओल्या फडक्याने पुसलं, कारण ओल्या फुलांचा डाग क्रोमवर आणि कुंकवाचा रंगावर बसतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पेट्रोलचा फिल्टर उघडून पाहिला. त्यात तपकिरी भुकटी दिसली असती तर टाकी उतरवून धुवावी लागली असती; फिल्टर स्वच्छ निघाला, तरी नवा टाकला. चाकांचे नट पुन्हा आवळले, टायरमधली हवा पाहिली. पीयूसीची तारीख आता नोव्हेंबरची आहे, ती कॅलेंडरवर लिहून ठेवली.